कोऱ्या कागदावरचा प्राणी

आबांची बुद्धी तपासायला मी त्यांना विट्याहून सांगलीला आणलं. आबा म्हणजे माझे वडील. चाळीस वर्षं परमुलुखात भट्टीपुढं बसून त्यांनी सोनं गाळलं, आता माझ्या भावाच्या गलाईच्या दुकानात गादीवर बसतात. ती गादी सुटली तर आबा संपले, हे आम्हा दोघा भावंडांना पक्कं ठाऊक. पण सहा महिने झाले, ते समोरच्या माणसाला ओळख देईनात. हातात दागिना आला की "तूच बघ" म्हणून भावाकडे सरकवायचे. भाऊ म्हणाला, "विसरायला लागले असतील तरी बसू देत गादीवर. पण काय ते कळू दे."

डॉक्टरबाईंनी आधी तोंडी विचारलं. वार, महिना, शंभरातून सात सात वजा. आबा धडाधड सुटले! पाच शब्द ऐकवले होते, ते दहा मिनिटांनी उलटे म्हणून दाखवले, वर माझ्याकडे बघून मिशीत हसले.

मग कागद आले. घड्याळ काढायला सांगितलं, तर काटे वर्तुळाबाहेर फिरायला गेले. प्राण्यांची चित्रं दाखवली.

"नाव तोंडावर हाय बघा. आठवत न्हाई."

तिन्ही चित्रांना हेच.

बाईंनी चौथा कागद उचलला आणि उलटा धरला. मागची बाजू, पांढरी फटक. "हा कुठला प्राणी, आबा?"

आबांनी मान तिरकी केली, कपाळाला आठ्या घातल्या, मोठा विचार केला. "आवं बाई, ह्याचं बी आठवत न्हाई."

मी किंचाळलेच. "आबा, तो कागद कोरा आहे!"

"गप गं तू."

बाईंनी बॅटरी मारून बघितलं. दोन्ही डोळे दुधाळ. "कधीपासून दिसत नाही?"

आबा चपलेच्या अंगठ्याशी खेळत बसले. मग म्हणाले, "इसराळू म्हाताऱ्याला गादीवर बसू देत्यात. डोळं गेलेल्या गलाईवाल्याम्होरं सोनं कोण ठेवंल?"

सहा महिने मी ह्या माणसाला "मी कोण, सांगा बघू?" असं बालवाडीतल्या पोराला विचारावं तसं विचारत होते, आणि तो गडी आवाजावरून उत्तर देत होता!

"आजचे मार्क मी धरतच नाही," बाई म्हणाल्या. "आधी मोतीबिंदू काढा, मग परत या."

आबा तयार झाले, पण अट घातली. दुकानात डोळ्याचं नाव काढायचं नाही, इसरायचं औषध चालू केलंय म्हणायचं. मला असल्या नाटकाची भारी हौस. तिथल्या तिथं भावाला फोन लावला, आवाज पाडून सांगितलं, "डोक्याचंच आहे रे. औषधाला ठेवून घेते."

पलीकडून हुंदका आला.

"काय म्हणतोय?" आबांनी विचारलं.

"रडतोय."

आबांनी हात पुढं केला. फोन माझ्या उजव्या हातात, ते डावीकडे चाचपत होते.

"दे हिकडं. सांगतो त्याला, डोळं गेल्यात म्हणून."