क्रेनवाल्या आजींच्या बागेत

लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून मुलीला हायडेलबर्गला माझ्या बहिणीकडे ठेवून आम्ही दोघंच तीन दिवस बाहेर पडलो. मला व्हेनिसला जायचं होतं. नवऱ्याने निवडलं जर्मनीतलंच, पोलंडच्या सीमेजवळचं एक पोलादाच्या कारखान्याचं गाव.

"तिथे आहे काय?"

"काहीच नाही. म्हणून तर जायचं."

ऑफिसातल्या मीटिंगांनी तो इतका वैतागला होता की मी वाद घातला नाही.

पहिला दिवस मी धुसफुसतच काढला. रुंद रस्ते, एकसारख्या चारमजली इमारती, लांबवर कारखान्याची धुराडी आणि रस्त्यावर माणूस औषधालाही नाही. हा मात्र खुशीत! बाकावर बसून अर्धा अर्धा तास नुसता धुराड्यांकडे बघत होता. शेवटी मीही चपला काढल्या आणि त्याच्या शेजारी मांडी घालून बसले. कुठे पोचायचंच नाही म्हटल्यावर हळूहळू बरं वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी कालव्याकाठी भटकताना छोट्या छोट्या बागांची रांग लागली. एका बागेत एक आजी शिडीवर चढून प्लम काढत होत्या. शिडी डगमगताना दिसली तसा नवरा फाटक ढकलून आत धावला आणि त्याने ती धरली. आजींनी वरूनच दटावलं, "तिरकी धरलीस. सरळ धर!"

खाली उतरल्यावर त्यांनी आम्हाला नीट न्याहाळलं. वय ब्याऐंशी. तीस वर्षं त्यांनी कारखान्यात क्रेन चालवली होती. "वितळलेल्या पोलादाचे हंडे हलवायचे मी. या शिडीला काय घाबरायचं? चल, आता तू चढ."

आमचे इंजिनियरसाहेब, म्हणजे नवरा, तिसऱ्या पायरीवर थिजले. मग ओढणी कमरेला खोचून मी चढले. आजी खालून हातांनी खुणा करत होत्या: डावीकडे, अजून वर, थांब. नेमकी फांदी हाती आली की जर्मनमध्ये ओरडायच्या, "गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर! हसता हसता माझा तोल जायची वेळ आली.

दोन टोपल्या भरल्यावर झाडाखाली कॉफी आणि केक झाला. आजींनी विचारलं, "इथे कुणी सुट्टीला येतं का? आमचीच मुलं येत नाहीत."

"आम्हाला आवडलं हे गाव," मी म्हणाले. नवरा माझ्याकडे बघतच राहिला. आजींनी माझ्या ताटलीत केकचा आणखी एक तुकडा वाढला.

तिसऱ्या दिवशी बर्लिन बघून परतायचं ठरलं होतं. ते रद्द करून आम्ही पुन्हा त्यांच्याच बागेत गेलो.

घरी आल्यावर मी आजींनी बरोबर दिलेल्या प्लमचा वेलची घालून मुरांबा केला आणि एक बरणी आजींना पाठवली. आठवड्याने त्यांचा फोन आला. "फार गोड आहे," त्या म्हणाल्या. "बरणी संपली. दुसरी कधी पाठवतेस?"