न्हाणीघरातली मेथी

अकोला-अमरावतीकडचे वृद्धाश्रम तपासायचे ही माझी नोकरी, आणि संशय घेणं हा माझा स्वभाव. दोघांचं छान जमतं. मी कुठेही न सांगता जाते आणि न्हाणीघर पाहिल्याशिवाय चहाला हात लावत नाही. म्हातारी माणसं तिथेच घसरतात. आश्रमांच्या ऑफिसात काचेखाली ठेवलेल्या फोटोंवर आजवर कुणी घसरून पडलेलं नाही.

बार्शीटाकळीच्या रस्त्यावरच्या त्या वृद्धाश्रमात गेले, तेव्हा तिथले अधीक्षक नागसेन मला पाहून इतके गोड हसले की मी मनातल्या मनात लगेच दोन गुण कापले.

"मॅडम, आदी चहा?"

"आधी न्हाणीघर."

न्हाणीघराच्या दारात एक ठेंगणी, काटक म्हातारी पाय रोवून उभी होती. ही तानुबाई. हिवरखेडची. सारी हयात दुसऱ्याचं वावर ठोक्यानं, म्हणजे खंडानं, करून तिनं भाजी पिकवली आणि तेल्हाऱ्यापासून अकोटापर्यंत सगळे बाजार पालथे घातले. नवरा गेला, गुडघे बोलायला लागले, मूलबाळ नव्हतं. पुतण्या चंदन घरी चल म्हणत होता, पण त्याच्या घरामागे वाफा करायला हातभर जागा नव्हती. इथे विहिरीजवळ पडीक तुकडा दिसला, तशी ती पिशवी घेऊन आत आली. अट एकच घातली, बाजाराच्या दिवशी मला कुणी अडवायचं नाही.

आता तीच मला अडवत होती.

"तिथं जागा नाई," ती म्हणाली.

मी तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. खरंच जागा नव्हती. फरशीभर ओले बारदाने पसरलेले, त्यांच्याखाली मेथी आणि पालक. म्हाताऱ्यांना धरून उठता यावं म्हणून भिंतीला जे दांडे बसवले होते, त्यांना सांबाराच्या, म्हणजे पुण्याकडच्या कोथिंबिरीच्या, जुड्या टांगलेल्या. सगळीकडे पाणी. वास मात्र असा सुरेख की मी क्षणभर चिडायचंच विसरले.

मग आठवलं. "हे काय आहे? हे दांडे कशासाठी लावलेत?"

"कोनी धरत नाई त्याले. म्हून म्या कामी लावले," तानुबाई म्हणाली. "उद्या बाजार हाय. खोलीत ठेवली त भाजी सुकते. सुकली भाजी तुमी घेसान काय?"

"आणि कुणी घसरलं म्हणजे?"

"कोन घसरलं? पुसा ना सगळ्यायले."

व्हरांड्यातल्या सगळ्यांनी एका सुरात "नाई" म्हटलं. इतकं एकमत वृद्धाश्रमात टीव्हीच्या चॅनेलवरसुद्धा होत नाही. मला तिथेच वास आला, आणि तो कोथिंबिरीचा नव्हता.

तेवढ्यात पार्वताबाई पुढे आल्या. दर्यापूरकडच्या शेतकरी घरातल्या, उंच, शांत, तानुबाईच्या शेजारच्या खाटेवरच्या. दोघी दिवसभर भांडायच्या आणि एका ताटात जेवायच्या, असं नागसेन मला नंतर म्हणाले. वाद मिटावा म्हणून पार्वताबाईंनी गूळ-शेंगदाण्यांची वाटी माझ्यापुढे धरली. "घ्या बाई, तोंड गोड करा."

वाटी डाव्या हातात होती. उजवा हात पदराखाली.

आता सांगा, काळ्या मातीतल्या घरात वाढलेली बाई पाहुण्याला डाव्या हातानं काही देईल? त्यावरून या बाईंनी आपल्या सुनांना किती बोलणी घातली असतील!

"उजवा हात दाखवा," मी म्हटलं.

त्या दाखवीनात. मी पदर बाजूला केला. मनगट वांग्यासारखं सुजलेलं आणि जांभळं.

"दार लागलं," त्या म्हणाल्या.

"कोणतं दार?"

पार्वताबाईंनी वाटी खाली ठेवली. मग हळूच म्हणाल्या, "न्हाणीत घसरली मी. काल."

तानुबाईचा चेहरा उतरला. "मले त तू दारच म्हनली होती! काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं त तुहा बाजार बंद झाला असता. बाजाराबिगर तू काय जगतं?"

न्हाणीघराच्या दारातून न हललेली ती बाई आता हलली. तिनं बारदाने ओढून बाहेर फेकले, दांड्यांवरच्या जुड्या सोडल्या, खराटा घेऊन पाणी काढलं. शेवटी म्हणाली, "झाला बाजार. आजपासून बंद." मला इतकं वाईट वाटलं की नागसेनवरच ओरडले. "दुखणं लपवून ठेवता? आधी ऑटो बोलवा!" हात दवाखान्यात गेला, प्लॅस्टरमध्ये परत आला. अहवालात मी लिहिलं की न्हाणीघर कोरडं ठेवा, दांडे मोकळे ठेवा, कुणी पडलं तर त्याच दिवशी कळवा. भाजीसाठी विहिरीजवळ सावलीचा ओटा करा, हेही लिहिलं. भाजी विकू नका असं मी कुठेही लिहिलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी पुन्हा गेले तो नेमका बाजाराचाच दिवस. न्हाणीघर कोरडं ठक्क. ओटा झालेला, वर पत्रा, शेजारच्या वाफ्यात भाजी तरारलेली. नागसेन या वेळी खरंखुरं हसत होते. आणि तानुबाई खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेली.

"तवापासून बाजारात गेली नाई," नागसेन म्हणाले. "जेवते बी अर्धं."

सगळं नियमात बसलं होतं, तरी मी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

"पार्वताबाई कुठे आहेत?"

"बाजारात. हिचीच भाजी घेऊन गेल्या, प्लॅस्टर घेऊन. आताच बाजारातून फोन आला होता, एका जुडीवर दोन फुकट देऊन राह्यल्या म्हने."

खाट करकरली. "काय?" तानुबाई उठून बसली. "दोन? फुकट? माही मेथी?" चपला शोधत ती मला म्हणाली, "मॅडम, तुमची गाडी कुठं हाय?" आणि मी उत्तर द्यायच्या आत जाऊन बसलीसुद्धा.

बाजारात पार्वताबाई पोत्यावर बसून अगदी हळू आवाजात म्हणत होत्या, "न्या वो बाई, तशीच न्या." समोर ही गर्दी. तानुबाईनं एका बाईच्या पिशवीतून जुडी परत काढली, दुसरीला भाव सांगितला, तिसऱ्याला "हात नको लावू" म्हणून दटावलं. तिचा आवाज पार बसस्टँडपर्यंत गेला असेल.

पार्वताबाई सरकून माझ्याजवळ आल्या. "इतके दिवस समजावलं, आयकेच ना. मंग म्हटलं, हिचा माल फुकट वाटून पाहू." आणि गालात हसल्या.

तानुबाईनं ते ऐकलं. मग पदरानं डोळे पुसत वळली, शेजारी टेकली आणि पार्वताबाईंचा प्लॅस्टरमधला हात अलगद आपल्या मांडीवर घेतला.

"माह्यासाठी पडून बी गप राह्यली ना तू? आता माह्यासाठी वरड."

पार्वताबाई लाजल्या, इकडेतिकडे पाहिलं. मग उभ्या जन्मात कधी ओरडल्या नसतील अशा ओरडल्या, "मेथी घ्या वो, मेथी!"