मसाई पठारावर न मेलेला माणूस

आमच्या मंगळवार पेठेत धैर्यशील पोवार नावाचा माणूस राहतो. तो आजवर अडीचशे वेळा तरी मेला असेल, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या दारात दूध घालायला वेळेवर हजर झालेला आहे. पेठेत याचं कुणाला विशेष वाटत नाही.

धैर्यशीलच्या घरी दोन म्हशी, ऐंशी वर्षांची आई बनाबाई आणि भिंतीवर एक कसलीशी ट्रॉफी आहे. सकाळी दूध घालून झालं की तो शूटिंगला जातो. कोल्हापुरात ऐतिहासिक मालिका होतात, आणि ऐतिहासिक मालिका म्हटली की मरणारी माणसं लागतात. वाचणाऱ्यांना नाव असतं, संवाद असतात, गळ्यात मोत्यांच्या माळा असतात. मरणाऱ्यांना धोतर आणि दुपारचं जेवण मिळतं. लहानपणी धैर्यशील तालमीत जायचा आणि सतत चीतपट व्हायचा. तालमीत पडणाऱ्याला कुणी फेटा बांधत नाही. पडण्याची कदर करणारं क्षेत्र त्याला मग चाळिशीच्या तोंडावर सापडलं. भाला लागून मरणं, तोफेच्या दणक्याने उडणं, बुरुजावरून घरंगळणं, यांत त्याचा हात धरणारा माणूस जिल्ह्यात नाही. सकाळी तो एका बाजूने मरतो आणि जेवण झालं की पगडी बदलून दुसऱ्या बाजूने. इतका निःपक्षपाती इतिहास मी कॉलेजातसुद्धा शिकले नाही.

अडचण फक्त बनाबाईंची होती. पंधरा वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा टीव्हीवर दिसणार म्हणून त्यांनी सगळ्या गल्लीला बोलावलं होतं. चहा अजून कपात ओतायचा होता, तोवर मुलाच्या छातीत भाला घुसला. बनाबाई उठून गोठ्यात गेल्या. धैर्यशील शेजारी बसून भाकरी खात होता, तरी त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. तेव्हापासून त्याची मालिका लागली की त्या म्हशींजवळ जाऊन बसतात. मी एकदा त्यांना समजवायला गेले, कारण शिकलेल्या बायकांना ती खोड असते. त्या म्हणाल्या, "खोटं मरतंय त्ये मला कळतंय की. डोळ्यास्नी कळत न्हाय."

म्हणून धैर्यशीलची एकच इच्छा होती. एखाद्या लढाईच्या शेवटी आपण उभं असावं, आणि ते आईने पाहावं. शूटिंगला माणसं पुरवणाऱ्या सम्राटला त्याने हे अनेकदा सांगितलं होतं. सम्राटचं उत्तर ठरलेलं. "जगायला काय, कुणीबी जगतंय. मरायला माणूस लागतोय."

या एप्रिलमध्ये मुंबईचं एक युनिट वेबसिरीज घेऊन आलं. गोष्ट १९२१ सालच्या मोरोक्कोतली. स्पेनची फौज तोफा-बंदुका घेऊन रिफच्या डोंगरात घुसली आणि अनवाल नावाच्या जागी तिथल्या टोळीवाल्यांनी तिचा असा फडशा पाडला की हजारो सैनिक गेले. मी इतिहासात बी. ए. केलं आहे, आणि हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं. युरोपचे लोक हरल्याची पानं आमच्या पुस्तकांत बहुतेक छापायची राहून गेली असावीत. पन्हाळ्यापलीकडचं मसाई पठार एप्रिलमध्ये वाळून तपकिरी होतं, झाड म्हणून दिसत नाही. मोरोक्को कोल्हापुरापासून तीसेक किलोमीटरवर आहे, असं मुंबईकरांनी ठरवून टाकलं.

माझी मुलगी इरावती त्या युनिटमध्ये कपड्यांच्या विभागात होती. तिला मी बँकेच्या परीक्षेची पुस्तकं आणून दिली होती. ती त्यांवर इस्त्री ठेवते. शंभर कोल्हापुरी माणसांना मोरोक्कन झगे चढवायचं काम तिच्याकडे होतं, आणि धैर्यशीलचं नाव तिनेच रिफवाल्यांच्या यादीत घातलं. तिने सांगितलं तेव्हा त्याने दुधाची किटली खाली ठेवली आणि आमच्या पायरीवर बसला.

"म्हंजे आपण जितणाऱ्यांत?"

"हो काका. शेवटच्या शॉटमध्ये एकदम कॅमेऱ्यासमोर."

"आन् उभा असतोय न्हवं?"

ती हो म्हणाली. त्या दिवशी आम्हाला मापापेक्षा जास्त दूध मिळालं.

शेवटच्या शॉटच्या दिवशी मी बनाबाईंना घेऊन पठारावर गेले. मी काळजीपोटी गेले नव्हते. इरावती तीन दिवस डबा विसरत होती, उन्हात टोपी घालत नव्हती आणि फोन उचलत नव्हती. मी फक्त डबा द्यायला गेले. तिने तो घेतला आणि सगळ्यांसमोर मला 'आई, प्लीज' म्हणाली.

खऱ्या लढाईत वेढ्यात अडकलेल्या स्पॅनिश सैनिकांचं पाणी संपलं होतं, ते शेवटी शाई आणि अत्तर प्याले म्हणे. इथे पाण्याचा टँकर घाटात बंद पडल्यामुळे दुपारपर्यंत तहानेचा अभिनय अतिशय नैसर्गिक झाला. मग कुणीतरी कॅन भरून ताक आणलं, आणि स्पेनची फौज एवढी ताजीतवानी झाली की हे लोक मरताना खूश का दिसतात म्हणून दिग्दर्शक चिडला. कळंब्याचा एक स्पॅनिश कर्नल मला म्हणाला, "पावणं, जरा सरका, आम्हास्नी हितं पडायचं हाय."

शॉट साधा होता. खडकांमागून रिफवाले येणार, दणका होणार, उरलेले स्पॅनिश पडणार आणि रिफवाले बंदुका घेऊन उभे राहणार. दणका झाला. स्पॅनिश पडले. आणि त्यांच्या मधोमध, हात छातीवर घेत, एक सुरेख गिरकी मारून धैर्यशील पडला.

इरावतीने जाऊन त्याला समजावलं. त्याने उठून सगळ्यांची माफी मागितली, अगदी मेलेल्यांचीसुद्धा. पुन्हा दणका झाला आणि तो पुन्हा पडला, या वेळी अजून छान. पंधरा वर्षांची सवय, अंगाला कोण समजावणार. बनाबाई प्लास्टिकच्या खुर्चीवर पदराचं टोक चावत बसल्या होत्या.

दिग्दर्शक मात्र खूश. असलं मरण जिंकणाऱ्यांच्या बाजूला वाया कशाला घालवायचं, याला स्पॅनिश कोट द्या, असं तो म्हणाला. सम्राट कोट घेऊन तयारच होता. धैर्यशीलने त्या कोटाकडे पाहिलं, मग आईच्या खुर्चीकडे. आजवर जो देईल तो कोट त्याने घातला होता.

"साहेब," तो म्हणाला, "एक डाव उभा ऱ्हातो. न्हाईच जमलं तर जलमभर मारा."

सूर्य खाली चालला होता. एकच संधी, असं दिग्दर्शकाने बजावलं. इरावतीने धैर्यशीलचा झगा सारखा केला आणि माझ्याकडे न बघता कॅमेऱ्यामागे गेली. तिथे ती हातातली सेफ्टीपिन उघडत-मिटत होती. ते मी पाहिलं, कारण मी तेवढंच पाहायला आले होते.

दणका झाला. स्पॅनिश कोसळू लागले. धैर्यशीलचा डावा गुडघा वाकला, हात छातीकडे निघाला. तेवढ्यात बनाबाई खुर्चीतून उठल्या. नदीच्या पलीकडची म्हैस ज्या आवाजाने परत येते, तो आवाज त्यांनी लावला.

"धैर्या, उभा ऱ्हा."

गुडघा निम्म्यात थांबला. हात खाली आला. धैर्यशील उभा राहिला. पडलेल्यांपैकी दोन स्पॅनिश सैनिकही दचकून अर्धे उठून बसले. दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला, पण उजेड संपला होता. आवाज काढून टाकता येईल आणि उठणारे जखमी खरे वाटतील, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

गेल्या आठवड्यात तो भाग आला. गल्ली पुन्हा धैर्यशीलच्या घरी जमली, चहा पुन्हा झाला. विजयाचा तो शॉट जेमतेम चार सेकंदांचा निघाला. सगळ्या रिफवाल्यांच्या तोंडाला कापड बांधलेलं, नुसते डोळे दिसणारे. यातला आपला कोणता, यावर गल्लीत वाद सुरू झाला. बनाबाईंनी पुढे होऊन पडद्यावर बोट ठेवलं.

"गुडगा वाकलाय त्यो," त्या म्हणाल्या. "पर उभा हाय."

मग त्यांनी ताट तिथेच आणायला सांगितलं. पडद्यावर अजून बंदुका वाजत होत्या, पठारावर स्पेनची फौज अस्ताव्यस्त पसरली होती, आणि बनाबाई धैर्यशीलशेजारी बसून वांग्याची भाजी आणि भाकरी खात होत्या. दोन भाकरी खाल्ल्या. मी मोजल्या.

दुसऱ्या दिवशी दूध घालताना धैर्यशीलने सांगितलं, सम्राटचा फोन आला होता, परवापासून नवी मालिका. मी विचारलं, यात काय करायचंय? तो म्हणाला, "दुसऱ्याच सीनला मरायचं हाय, वहिनी. तोफंनं." आणि किटली उचलून खुशीत पुढच्या दाराकडे गेला.