तराजूवरचा पाय

हातात काहीही पडलं, की तो आधी ते तळहातावर दोनदा वरखाली करायचा. "पाहू द्या, किती भरते." मग ती भाकरी असो, जोडा असो, नाहीतर कुणाचं तान्हं पोर असो. एकदा त्यानं आमच्या धाकट्या मुलीला असंच उचललं आणि वजन सांगून टाकलं, तेव्हा माझी बायको भडकली. "लेकराले नजर लावतं काय रे?"

"वयनी, वजन सांगतलं. भाव कुठी सांगतला?"

तो अमरावतीला माझ्या कापसाच्या वखारीत मापारी होता. गाड्या आल्या की काट्यापाशी उभं राहून कापूस तोलायचा, हे त्याचं काम. बाजारात तुम्हीही असे लोक पाहिले असतील. ज्याच्या हाती काटा, त्याचं नाव कुणी विचारत नाही. मीही त्याचं नाव इथं लिहीत नाही, पण ते विसरलो म्हणून नव्हे. या माणसानं मला भर कचेरीत मान खाली घालायला लावली. त्याचं नाव मी माझ्या हातानं कागदावर कशाला चढवू?

मी वलगावच्या माळ्याचा मुलगा. डोक्यावर वांग्यांची पाटी घेऊन अमरावतीच्या बाजारात आलो आणि भाव करता करता वखारीचा मालक झालो. भाव करण्यात मला हरवणारा माणूस मला भेटलेला नाही. माझा राग सोसणारेही फार थोडे भेटले. तिकडं अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडं वऱ्हाडच्या कापसाला असा भाव आला, की लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदी चढवली.

मापाऱ्याचं खरं कसब त्याच्या पायात होतं. वजनाच्या पारड्याच्या काठावर उजव्या पायाचा अंगठा असा अलगद टेकवायचा, की बघणाऱ्याला वाटावं, माणूस नुसता तोल सावरून उभा आहे. पारडं दबायचं आणि विकणाऱ्याला कापसाच्या आणखी चार ओंजळी टाकाव्या लागायच्या. ही युक्ती त्याची नाही. मी शिकवली. बाजारात सगळेच करत होते. मी उगाच साधूचं सोंग आणत नाही.

तिवश्याच्या एका पाटलानं तो अंगठा पाहिला. पाटील तडक कचेरीत गेला. साहेबानं शिरस्तेदाराकरवी मला विचारलं, "हे तुझ्या सांगण्यावरून चालत होतं का?"

"काटा तो धरते," मी म्हणालो. "मले काय मालूम?"

शेजारी उभ्या मापाऱ्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा स्वतःच्या पायाकडं. मग म्हणाला, "पाय माहा व्हता, साहेब."

सहा महिन्यांची सजा झाली त्याला, अकोल्याच्या तुरुंगात. शिपाई घेऊन निघाले तेव्हा मी त्याच्या कानात सांगितलं, "वापस ये. काटा तुहाच हाय." हा शब्द मी पाळला, हे लक्षात असू द्या.

तो परत आला तेव्हा त्याच्या गालांवर मांस चढलं होतं. इकडं आमचे हमाल वाळून गेले होते. जो तो कापूस पेरत सुटला होता, त्यामुळं ज्वारी महागली. मजुरी वाढली, पण भाकरी लहान झाली. दुपारच्या सुट्टीत हमाल त्याच्याभोवती बसले.

"भाकर तोलून देते तिथी," तो सांगत होता. "बाहीर जवारी किती बी चढो, आतली भाकर तेवढीच. कमी वाटली तं म्हना, परत तोल. शिपाई शिव्या देते, पन तोलते."

"अन् काम?"

"पयले दळन दळलं. मंग मले काट्यावर उभं केलं, पीठ तोलाले."

"मालक," एक हमाल माझ्याकडं वळून म्हणाला, "आमाले बी धाडा ना तिकडं."

सगळे हसले. माझ्याच अंगणात, माझ्याच सावलीत बसून, वखारीपेक्षा तुरुंग बरा असं हे लोक म्हणत होते. माझं डोकं फिरलं. "बेडी नव्हती काय रे पायात?"

"व्हतं ना एक कडं. संध्याकायी कुलूप लागे. फटके खानारे बी पाहले, मालक. सोपं नाई." घोटा चोळत तो म्हणाला, "पन पोटाचं भेव नाई. अन् तिथी मले पाय ठेव म्हननारं कोनी नाई."

दुसऱ्या दिवशी तो काट्यापाशी उभा राहिला. पाय जमिनीवर. मी खाकरलो. पाय जमिनीवरच. मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "काहून नाई ठेवत?"

"ठेवतो, मालक. पन तो उठून येते. सहा महिने सरळ तोललं, सवय लागली."

मी त्याला तिथल्या तिथं हाकलला. सरळ पायाचा मापारी इतर वखारवाल्यांनाही नको होता. तो शहराच्या परकोटाच्या भिंतीशी, गाड्यांखाली झोपू लागला. गाडीवानांच्या चुलीपाशी बसून उरलंसुरलं मागायचा. मिळालेला तुकडा आधी तळहातावर वरखाली करायचा, मग खायचा. मृग लागला तशा गाड्याही यायच्या थांबल्या, चुलीही गेल्या. डोक्यावर छप्पर म्हणावं तर भिंतीचा आडोसा.

एक दिवस तो माझ्या ओसरीपुढं येऊन उभा राहिला. "मालक, एक काम करा. माह्यावर फिर्याद करा."

"कायची?"

"कायची बी. तुमी मोठे मानूस. साहेब तुमचं आयकते."

"जेल पाह्यजे तुले?"

"जेल नाई पाह्यजे, मालक. भाकर पाह्यजे. ते जेलातच हाय, तं मी काय करू?"

मला राग आला, मी ओसरीवरून उठलो. "माह्या फिर्यादीवर सरकारची भाकर खातं? निंग!"

तो निघाला. पुढच्या बाजारच्या दिवशी, भर दुपारी, तो वखारीत शिरला, काट्याजवळचं दहा शेराचं लोखंडी वजन उचललं, खांद्यावर घेतलं आणि चालू लागला. पळाला नाही. मी आणि माझी माणसं ओरडत मागं, तो पुढं, अशी ती वरात कचेरीपर्यंत गेली. तिथं वजन शिरस्तेदारापुढं ठेवून तो म्हणाला, "मालकाचं हाय. म्या चोरलं."

आता गंमत ऐका. त्या वजनाच्या पोटात शिसं ओतलेलं होतं. नाव दहा शेराचं, भरत होतं त्याहून जास्त. शिरस्तेदारानं सरकारी वजन आणून तोललं आणि हे त्याच्या ध्यानात आलं. साहेबानं मला पुढं बोलावलं. "हे वजन तुझं आहे का?"

नाही म्हटलं तर मी सुटत होतो. पण मग चोरी झालीच नाही, आणि हा पुन्हा पावसात भिंतीशी. होय म्हटलं तर हा आत जाणार, आणि खोट्या वजनाचा धनी म्हणून मी सगळ्या बाजारापुढं उभा. मी तोंडाशी 'नाही' आणलं होतं, खोटं कशाला सांगू. त्यानं हात जोडले होते. ओल्या धोतरातून त्याच्या गुडघ्याची हाडं दिसत होती.

"माहंच हाय!" मी ओरडलो. "चोर हाय हा, साहेब! टाका त्याले आत!"

लोक म्हणतात मी दया केली. दया कसली? मला राग आला होता.

दुसरी खेप म्हणून त्याला दीड वर्ष मिळालं. मला दंड झाला, माझी सगळी वजनं जप्त झाली, आणि माझ्याकडं येणाऱ्या गाड्या शेजारच्या वखारीत वळल्या. पुढं ती लढाई संपली आणि कापूस कोसळला. मी ज्वारीच्या व्यापारात शिरलो आणि अकोल्याच्या तुरुंगाला ज्वारी पुरवायचा मक्ता घेतला.

पहिल्या गाड्या घेऊन फाटकाशी गेलो, तर काट्यापाशी हाच. त्यानं रामराम केला आणि पोतं चढवलं.

"मालक, दोन शेर कमी."

बरोबर होतं. दोन शेर मी कमीच भरले होते. तुरुंगाचा दरोगा लांब होता. मी त्याच्याजवळ सरकलो. "ठेव ना रे पाय. जवारीच्या पारड्यावर. जरासा."

त्यानं खाली पाहिलं. घोट्याशी लोखंडी कडं होतं. "हा पाय आता सरकारचा हाय, मालक."

एकेक पोतं त्यानं माझ्याकडून भरून घेतलं. मी शिव्या दिल्या, त्यानं ऐकल्या. शेवटचं पोतं उतरल्यावर विचारलं, "वयनी बऱ्या हाये? पोरगी किती भरते आता?"

मी गाड्या वळवल्या आणि निघालो.

पुढच्या खेपेला मी सगळी पोती काठोकाठ भरून नेली. म्हटलं, तोल आता, काढ खोट. काट्यापाशी दुसराच कैदी होता. तोही जमिनीवर पाय ठेवून तोलत होता. मी दरोग्याला विचारलं.

"मुदत संपली, सुटला," दरोगा म्हणाला. "जायला तयार नव्हता. पण मुदत भरलेल्याला ठेवणार कसा? बाहेर त्या दगडावर तीन दिवस बसला होता. रोज विचारायचा, आज काटा कोन धरते. मग एका सकाळी नव्हता."

अमरावतीला परतल्यावर मी परकोटाच्या भिंतीशी जाऊन उभ्या गाड्यांखाली वाकून पाहिलं. गाडीवान हसले. त्याच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. सुटल्यावर निदान माझ्याकडं यायचं होतं. मी शिव्या दिल्या असत्या, भाकरीही दिली असती.

त्या दुसऱ्या खेपेला अकोल्याला निघण्याआधी मी मुलीला काट्यावर बसवून तोललं होतं. दोरी धरून ती हसत होती, पारडं स्थिर व्हायला वेळ लागला. चौदा शेर भरली. पाय न लावता.