काचेसारखं पाणी

प्राणिसंग्रहालयात तिला सगळे पत्रामावशी म्हणत, कारण पिंजरा साफ करताना तिच्या हातात झाडूच्या आधी पत्र्याचा एक चपटा तुकडा येई. बावीस वर्षं तिने तऱ्हेतऱ्हेच्या जिवांची घाण उपसली होती, आणि त्या विषयात तिला शिकवू पाहणाऱ्याची ती फारशी गय करत नसे.

तिचं शास्त्र साधं होतं. हरणांच्या आवारात मुताचा वास आला की भरपूर पाण्याने धुवायचं. पोपटांकडे आणि सरड्यांकडे मात्र बादली न्यायचीच नाही. ही मंडळी पाण्याच्या बाबतीत कंजूष. लघवीसुद्धा ओल्या चुन्यासारखी पांढरी टाकतात. त्यावर पाणी ओतलं की नुसता लेप बसतो. म्हणून तोंडाला फडकं बांधायचं आणि पत्र्याने खरवडायचं. मासा सगळ्यात लबाड. कल्ल्यांवाटे गुपचूप पाण्यात सोडून देतो आणि साळसूदपणे शेपूट हलवत राहतो. म्हणून दर दोन दिवसांनी टाकीतलं थोडं पाणी काढून साठवून ठेवलेलं स्वच्छ पाणी घालायचं.

नवे साहेब आले ते छापील कागद घेऊनच. सगळे पिंजरे रोज पाण्याने धुवायचे. माशांचं पाणी स्वच्छच असतं, ते महिन्यातून एकदा बदलायचं. खाली प्रत्येक कामगाराने सही करायची.

"मी नाही करत," मावशी म्हणाली.

"का? वाचता येत नाही?"

"वाचलं म्हणूनच."

दुसऱ्या दिवशी तिला गेटवर तिकिटं फाडायला बसवलं. आठवड्यात सही नाही आली तर घरीच बसा, असंही सांगितलं.

"आई, करून टाका ना सही," सून म्हणाली. "मासे काय तुमच्या माहेरचे आहेत?"

"माहेरचे असते तर एवढी धावले नसते."

जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून ती मत्स्यघरात जाई. टाक्या दोन, सुट्टी अर्ध्या तासाची. एक टाकी उरकायलाच दोन दिवसांच्या सुट्ट्या लागत. दुसरीतले मासे पाचव्या दिवशी वर येऊन तोंडं उघडायला लागले. ती बाही सरसावून त्या टाकीत हात घालणार, तोच साहेब दारात.

"बाई, हे पाणी काचेसारखं आहे."

"त्यांची घाण दिसत नाही, साहेब. जिथे पोहतात तिथेच करतात, आणि तेच परत कल्ल्यांत घेतात. तुम्हाला संडासात कोंडून महिन्याने कडी काढली तर चालेल? बोलवा डॉक्टरांना. त्यांच्याकडे तपासायचे थेंब आहेत."

जनावरांचे डॉक्टर आले. दोन नळ्यांत दोन टाक्यांचं पाणी घेऊन त्यांनी थेंब टाकले. मावशीच्या टाकीची नळी पिवळी राहिली. दुसरी गडद हिरवी झाली.

"हिरवं म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

"अमोनिया. त्यांनीच सोडलेला. अजून दोन दिवस थांबलात तर सगळे उलटे तरंगतील."

साहेबांनी घसा साफ केला. "ठीक आहे, बदला पाणी. पण त्या सहीचं..."

"हरणं, पोपट-सरडे आणि मासे, तिघांच्या तीन पद्धती लिहून आणा, मग करते." मावशीने हात कोपरापर्यंत टाकीत घातला. "आणि उभेच आहात तर ती बादली जरा इकडे सरकवा."

साहेबांनी सरकवली.