नमिराने निवडलेला सर्व्हर

नमिरा अक्कलकुव्याची. वडील दाऊदभाई पाण्याच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करतात. शहाद्याच्या आमच्या छोट्या संशोधन केंद्रात ती ध्वनिमुद्रणं सांभाळते. नर्मदाकाठच्या गावांत होडीने जाऊन आम्ही म्हाताऱ्या माणसांची भिली बोली टिपून आणतो. ती सगळी मुद्रणं सुट्या हार्ड डिस्कवर पडून असायची. गेल्या वर्षी त्यातली एक बंद पडली आणि मणिबेलीच्या तुळशीबाईंचं बोलणं कायमचं गेलं. त्या तोवर वारल्या होत्या.

केंद्रप्रमुख अल्पनाताई म्हणाल्या, "आता फाइल सर्व्हर घ्यायचाच. नमिरा, निवड तू कर."

तिने आधी सर्व्हरची एक आटोपशीर, देखणी पेटी पसंत केली. पण ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याकडून ती चाचणीसाठी मागवून घेतली. एप्रिलचं ऊन, वर पत्रा, त्यात वीज गेली. यूपीएसवर चालणारी पेटी दुपारपर्यंत इतकी तापली की डिस्क धोक्याच्या सूचना देऊ लागल्या.

"माझी निवड चुकली," ती सरळ म्हणाली आणि पेटी परत पाठवली.

"मग एसी बसवू या," अल्पनाताईंनी सुचवलं.

"विजेबरोबर एसीपण बंद पडेल, ताई. या खोलीत टिकेल असंच मशीन घेऊ."

शेवटी आला मोठ्या पंख्यांचा, ऐसपैस कॅबिनेटचा साधा टॉवर सर्व्हर. दोन डिस्क गेल्या तरी फाइली शाबूत राहतील अशी मांडणी तिने केली. डिस्कही वेगवेगळ्या दुकानांतून आणल्या. एकाच खेपेतल्या डिस्क बऱ्याचदा एकदमच दगा देतात, असं तिचं म्हणणं. मग आम्ही सगळे कामात असताना तिने चालू सर्व्हरमधून एक डिस्क चक्क ओढून काढली. माझा हात कीबोर्डवरच थबकला.

"बठं ठीक शे, भाऊ," ती अहिराणीत म्हणाली. "तुम्हनं काम चालू ऱ्हाऊ द्या."

आणि खरोखरच सगळं ठीक होतं; माझ्यासमोरची फाइल उघडीच राहिली.

मे महिन्यात एक डिस्क खरंच गेली. नमिराने नवी बसवली आणि चहा घ्यायला बाहेर पडली. कुणाचंच काम अडलं नाही. शिवाय दर शनिवारी सगळ्याची एक प्रत ती अक्कलकुव्याला घरी नेते. केंद्राला आग लागली तरी आवाज वाचावेत म्हणून.

परवा ब्राह्मणपुरीहून बियाण्यांवर संशोधन करणाऱ्या एका गटाचा फोन आला. कोणत्या कंपनीचा सर्व्हर घ्यावा, असं ते विचारत होते.

"ते मागाहून ठरवू," नमिरा म्हणाली. "आधी खोली बघू द्या. भर दुपारीच येते."