दोन्ही हातांत पट्टा

दसऱ्याला वडिलांच्या दांडपट्ट्याला तेल लावताना लोखंडाचा वास आला की पंडरी मोहल्ल्यातल्या मित्राच्या घरची ती दुपार आठवते. आम्ही मित्र फासे टाकून गोष्टीतली लढाई खेळायचो, प्रत्येकाचा एक योद्धा. गोष्ट मी रचायचो, जुन्या शस्त्रांचे नियमही माझेच. वडील आखाड्यात पट्टा शिकवायचे. त्यांचे पट्ट्याचे हात पाहून आमच्यातलाच एक सगळ्यांसमोर म्हणाला होता, "काका, ये तो सर्कस है." त्यानंतर वडिलांनी पट्टा धरला नाही. त्या दुपारी त्यालाच आपल्या योद्ध्यासाठी पट्टा हवा होता, कारण माझ्या नियमांत त्याचा वार सर्वांत भारी. "दोन्ही हातात दे न भैया!" मी दिला. त्याने शत्रूची फळी कापून काढली, तेव्हा मी त्याच्या पायाखालचा, दरीवरचा दोरांचा पूल तोडला. "दोर पकडतो," तो म्हणाला. "कायनं पकडशील? पट्टा घातला की हात कोपरापर्यंत लोखंडात, मूठ आतच." "अबे, पहले बताना था!" "बाबाले विचारलं असतं तर त्यायनं सांगितलं असतं." त्याचा वर्षभर जपलेला योद्धा दरीत गेला. घरी येऊन वडिलांना सांगितले. त्यांनी शांतपणे एवढेच विचारले, "दरी किती खोल होती?" आज पट्टा पुसताना वाटते, आणखी खोल ठेवायला हवी होती.